घराचा प्रश्न हा जमिनीचा प्रश्न आहे

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

साथींनो,

निवडणूक जवळ आली की प्रत्येक पक्षाच्या जाहीरनाम्यात घर येते. कोणी मोफत घर देऊ करतो, कोणी स्वस्त घर, तर कोणी आधीच्याने कबूल केलेल्या क्षेत्रफळात आणखी पन्नास-शंभर फुटांची भर घालतो. निवडणूक उरकली की हा प्रश्न पुन्हा सरकारी कचेऱ्यांतील फायलींत आणि बिल्डरांच्या कार्यालयांत जाऊन बसतो. कार्यकर्त्याजवळ उरतात ती अर्ज भरून थकलेली कुटुंबे, पात्र-अपात्रतेच्या याद्या आणि तारखा. या चक्रातून बाहेर पडायचे असेल तर घराचा प्रश्न नेमका कशाचा प्रश्न आहे, हे आधी ठरवावे लागेल.

सर्वसाधारण समज असा की, देशात घरे कमी आहेत म्हणून लोक बेघर आहेत. तेव्हा घरे भराभर बांधावीत म्हणजे प्रश्न सुटेल. आकडे मात्र वेगळे सांगतात. बाराव्या पंचवार्षिक योजनेसाठी नेमलेल्या तांत्रिक गटाने २०१२ मध्ये देशाच्या शहरी भागातील घरांची तूट १ कोटी ८७ लाख ८० हजार इतकी धरली. या तुटीपैकी सुमारे ९५ टक्के वाटा आर्थिकदृष्ट्या दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटांतील कुटुंबांचा होता. त्यांत अगदी उघड्यावर राहणारी कुटुंबे पाच लाखांच्या थोडी वर. उलट सुमारे दीड कोटी कुटुंबे अशी की, ज्यांना छप्पर होते, पण त्या छपराखाली माणसे मावत नव्हती. आता याच्या शेजारी २०११ च्या जनगणनेतील दुसरा आकडा ठेवावा. त्या वर्षी देशाच्या शहरांत सुमारे १ कोटी ११ लाख घरे रिकामी, कुलूपबंद आढळली. एकट्या मुंबईत अशी घरे पावणेपाच लाखांहून अधिक होती. आणि याच मुंबईत एक्केचाळीस टक्क्यांहून अधिक लोकसंख्या झोपडपट्टीत राहत होती.

याचा अर्थ उघड आहे. विटा, सिमेंट, गवंडी यांपैकी कशाचाही तुटवडा नाही. घरे बांधली जातात, परंतु ज्यांना घर हवे आहे त्यांच्यासाठी ती बांधली जात नाहीत. हे असे का होते, याचे उत्तर घराच्या किंमतीत दडलेले आहे.

किंमत कशाची?

एक ढोबळ हिशेब मांडून पाहू. आकडे केवळ उदाहरणादाखल घेतलेले आहेत. तीनशे चौरस फुटांचे साधे, पण पक्के घर बांधण्यास चौरस फुटाला अडीच हजार रुपये खर्च येतो असे धरले, तर बांधकामाचा एकूण खर्च साडेसात लाख रुपये होतो. तेच घर महानगराच्या बऱ्या वस्तीत वीस हजार रुपये फुटाने विकले गेले, तर ग्राहकाला साठ लाख रुपये मोजावे लागतात. बांधकाम साडेसात लाखांचे आणि घर साठ लाखांचे. मधले साडेबावन्न लाख कशाचे? त्यांत नफा आहे, व्याज आहे, निरनिराळी शुल्के आहेत, वाटेवरच्या हातांना द्यावे लागणारे पैसेही आहेत. परंतु त्यातला सर्वांत मोठा भाग जमिनीचा आहे. आणि जमिनीची ही किंमत जमीनमालकाच्या श्रमातून निर्माण झालेली नाही. रस्ता नगरपालिकेने बांधला, लोहमार्ग रेल्वेने टाकला, पाणी शेकडो किलोमीटरच्या जलवाहिन्यांतून सार्वजनिक पैशाने आले आणि शहरातील उद्योगधंदे कामगारांनी उभे केले. समाजाने निर्माण केलेले मूल्य खाजगी मालकाच्या खिशात जाते. अर्थशास्त्रात यालाच अनर्जित वाढ म्हणतात.

आता महिना वीस हजार रुपये मिळवणारे कुटुंब घ्यावे. पोटाला चिमटा न घेता घरापायी ते उत्पन्नाचा चौथा हिस्सा, म्हणजे पाच हजार रुपये देऊ शकेल. साठ लाखांचे कर्ज साडेआठ टक्के व्याजाने वीस वर्षांसाठी घेतल्यास हप्ता बावन्न हजारांच्या घरात जातो. हे अशक्य. जमिनीची किंमत पूर्णपणे वगळून केवळ साडेसात लाखांचे कर्ज त्याच अटींवर घेतले, तर हप्ता साडेसहा हजारांवर येतो. हेही आवाक्याबाहेर, पण फार दूर नाही. मात्र तेच साडेसात लाख सार्वजनिक संस्थेने पाच टक्के व्याजाने चाळीस वर्षांसाठी उभारले, तर महिन्याची परतफेड सुमारे ३,६०० रुपये होते. देखभालीचे हजार रुपये धरले तरी एकूण रक्कम पाच हजारांच्या आत राहते.

घराच्या प्रश्नाचे सारे अर्थशास्त्र या हिशेबात आहे. जमीन बाजाराबाहेर ठेवली आणि भांडवल लांब मुदतीचे व स्वस्त असले, तर श्रमिक कुटुंबाला दानाशिवाय, स्वतःच्या कमाईवर सुरक्षित घर परवडते. जमीन बाजारात राहिली, तर कोणतीही सवलत, कोणतेही अनुदान त्या साडेबावन्न लाखांच्या भिंतीवर डोके आपटून परत येते.

जुन्या चाळींचा धडा

मुंबईच्या इतिहासात जमीन सार्वजनिक ठेवून घरे बांधण्याचे प्रयोग परक्या सरकारनेच केले, आणि तेही भीतीपोटी. १८९६ मध्ये प्लेग आला, गिरण्या ओस पडू लागल्या, तेव्हा १८९८ मध्ये मुंबई शहर सुधार न्यास स्थापन झाला. त्याने गलिच्छ वस्त्या पाडल्या आणि पुढे काही चाळी बांधल्या. आजही त्यांना बीआयटी चाळी म्हणतात. पहिल्या महायुद्धानंतर, १९२० मध्ये, बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट निघाले. पन्नास हजार खोल्या बांधण्याची घोषणा झाली. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे मिळून २०७ इमारती आणि सोळा हजारांच्या वर खोल्या झाल्या. खोली १६० चौरस फुटांची, संडास सामाईक, उजेड बेताचा. त्या चाळींना कोणी आदर्श म्हणणार नाही. तरीही त्या खोल्यांतून गिरणी कामगार, हमाल, पोलीस शिपाई, सफाई कामगार यांच्या तीन-चार पिढ्या राहिल्या, शिकल्या, संघटित झाल्या. जमीन सरकारची होती, भाडे बेताचे होते, आणि कोणी उठवील ही भीती नव्हती. सुरक्षितता हा शब्द केवळ स्लॅबच्या मजबुतीपुरता नाही; उद्याही याच पत्त्यावर राहता येईल, हा भरवसा त्याचा पहिला अर्थ आहे.

स्वातंत्र्यानंतर हे काम अनेक पटींनी वाढायला हवे होते. त्याऐवजी सरकारने एक सोपा मार्ग निवडला. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने प्रमाणभूत भाडे सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवले. महायुद्धानंतरच्या टंचाईत हा कायदा अपरिहार्य होता आणि त्याने लाखो भाडेकरूंना घरमालकांच्या लहरीपासून वाचवले. त्या संरक्षणासाठी लढणाऱ्या डाव्या व समाजवादी कार्यकर्त्यांना त्याबद्दल खंत बाळगण्याचे कारण नाही. परंतु त्या लढ्यात एक गोष्ट निसटली. भाडे गोठवले म्हणजे खाजगी मालक नवी भाड्याची घरे बांधणार नाही आणि जुनी दुरुस्तही करणार नाही. तेव्हा त्याची जागा सार्वजनिक संस्थेने घेतली पाहिजे, हा कायद्याचा दुसरा अर्धा भाग होता. तो कधी लिहिलाच गेला नाही.

परिणाम सर्वांना ठाऊक आहेत. भाडे चहाच्या पैशाइतके राहिले आणि पागडी लाखांची झाली. जो आत होता त्याला संरक्षण मिळाले. जो बाहेर होता, म्हणजे त्याचाच धाकटा भाऊ किंवा गावाहून आलेला भाचा, त्याला झोपडी शोधावी लागली. देशाच्या शहरांत १९६१ साली भाड्याने राहणाऱ्या कुटुंबांचे प्रमाण ५४ टक्के होते; २०११ पर्यंत ते २८ टक्क्यांवर आले. जुन्या इमारती खचत गेल्या. १९६९ च्या कायद्याने इमारत दुरुस्ती मंडळ आले आणि उपकर बसला, पण टेकू लावण्याचा वेग कोसळण्याच्या वेगाला पुरा पडला नाही. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भाडे गोठवून ठेवणे अवाजवी ठरवले आणि २००० पासून नवा भाडे नियंत्रण कायदा अमलात आला. तोवर दुरुस्तीच्या पलीकडे गेलेल्या इमारती पुष्कळ झाल्या होत्या. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडीबाजार परिसरातील हुसैनी इमारत कोसळून तीसहून अधिक माणसे मेली. अशा दुर्घटनांनंतर चौकशी होते ती इमारतीची. धोरणाची चौकशी कोणी करीत नाही.

ज्यांनी वेगळा मार्ग दाखवला

ऑस्ट्रियाच्या राजधानीचे उदाहरण येथे मुद्दाम आठवले पाहिजे, कारण तिथेही पहिल्या महायुद्धानंतर भाडी गोठवलेली होती. १९१९ मध्ये व्हिएन्ना महापालिका सोशल डेमोक्रॅटांच्या हाती आली. त्यांनी भाडे नियंत्रण कायम ठेवले, पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. भाडे उत्पन्न घटल्याने जमिनी स्वस्त झाल्या होत्या. महापालिकेने त्या विकत घेतल्या. १९२३ मध्ये चढत्या दराचा गृहनिर्माण कर लावला, त्यामुळे आलिशान घरांवर सर्वाधिक भार पडला. त्या पैशातून १९३४ पर्यंत साठ हजारांहून अधिक घरे बांधली गेली. भाड्यातून जमिनीचे वा भांडवलाचे मोल वसूल करायचे नव्हते, केवळ देखभाल भागवायची होती. म्हणून भाडे कामगाराच्या मजुरीचा अगदी लहान हिस्सा राहिले. फेब्रुवारी १९३४ मध्ये प्रतिगामी सरकारने कार्ल मार्क्स हॉफ या कामगार वसाहतीवर तोफा डागल्या, पुढे नाझी आले, दुसरे महायुद्ध झाले; तरीही ती घरे विकली गेली नाहीत. आज त्या शहरातील सुमारे निम्मे लोक महापालिकेच्या किंवा मर्यादित नफ्याच्या संस्थांच्या घरांत राहतात. एकाच औषधाचा निम्मा डोस मुंबईने घेतला, पूर्ण डोस व्हिएन्नाने घेतला. फरक एवढाच आहे.

परदेशी उदाहरण ऐकून ‘आपल्याकडे ते कसे जमणार’ असे म्हणण्याची सवय आहे. म्हणून गोरेगावकडे पाहावे. १९७६ च्या कमाल नागरी जमीन धारणा कायद्याने मोठ्या शहरांतील मोकळ्या जमिनीच्या खाजगी मालकीवर मर्यादा घातली. मुंबईसाठी ती ५०० चौरस मीटर होती. अतिरिक्त जमीन सरकारने घेऊन दुर्बल घटकांच्या घरांसाठी वापरावी, असा कायद्याचा हेतू होता. परंतु कायद्यातच सूट देण्याची कलमे होती आणि त्या फटीतून जमिनी निसटल्या. देशभरात अतिरिक्त म्हणून जाहीर झालेल्या जमिनीचा दहावा हिस्साही प्रत्यक्ष सरकारच्या ताब्यात आला नाही. अशा स्थितीत मृणाल गोरे, प. बा. सामंत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा कायदा शब्दशः घेतला. नागरी निवारा परिषदेच्या झेंड्याखाली त्यांनी मध्यम व अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांना संघटित केले, सरकारच्या आणि न्यायालयाच्या पायऱ्या झिजवल्या आणि गोरेगाव पूर्वेला दिंडोशी येथे सुमारे सहा हजार घरांची वसाहत उभी केली. त्यात बिल्डरचा नफा नव्हता आणि जमिनीवरचा सट्टा नव्हता.

ही वसाहत पुष्कळांना अपवाद वाटते. वस्तुतः ती नियम व्हायला हवी होती. कायदा होता, जमीन होती, माणसे होती. शहरोशहरी तशी चिकाटी उभी राहिली नाही आणि सरकारची तर तशी इच्छाच नव्हती. संसदेने १९९९ मध्ये हा कायदा रद्द केला. केंद्राच्या शहर नूतनीकरण योजनेचा पैसा हवा असेल तर तो रद्द करावा, अशी अट राज्यांवर आली आणि नोव्हेंबर २००७ मध्ये महाराष्ट्रानेही त्याला मूठमाती दिली. तेव्हा सांगितले गेले होते की, जमिनीचा पुरवठा वाढेल आणि घरे स्वस्त होतील. जमिनी मोकळ्या झाल्या. घरे स्वस्त झाली नाहीत.

गिरण्यांची जमीन कुठे गेली?

दुसरी संधी गिरणगावात होती. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या एकेक करून मोडकळीस आल्या. शहराच्या ऐन मध्यात सुमारे सहाशे एकर जमीन. तिच्यातली बरीचशी मालकांना कापडधंद्यासाठी मिळालेली. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने ढोबळमानाने तिचे तीन भाग ठरवले: एक मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, एक सार्वजनिक गृहनिर्माणासाठी म्हाडाला आणि उरलेला मालकाला. २००१ मध्ये या नियमात बदल झाला आणि वाटणी संपूर्ण जमिनीऐवजी केवळ बांधकाम नसलेल्या मोकळ्या जमिनीपुरती उरली. गिरणीची जमीन शेडनी व्यापलेली असते, हे नियम लिहिणाऱ्यांना ठाऊक नव्हते असे मानणे भाबडेपणाचे होईल. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हा बदल वैध ठरवला. एका वाक्याच्या दुरुस्तीने शहराचा दोनतृतीयांश हक्क चिंधीएवढा झाला.

गिरणी कामगारांच्या संघटनांनी तरीही झुंज दिली, म्हणून काही घरे पदरात पडली. दीड लाखांहून अधिक कामगारांनी व वारसांनी अर्ज केले. जून २०१२ च्या पहिल्या सोडतीत ६,९२५ घरे निघाली. पुढे २०१६ मध्ये पनवेलजवळच्या कोन येथील घरांची सोडत झाली. ही घरे मुळात महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या २००८ च्या भाडेघर योजनेत बांधलेली, प्रत्येकी १६० चौरस फुटांची. म्हणजे शतकापूर्वी परक्या सरकारने ठरवलेल्या मापाचीच! बिल्डरला वाढीव चटई क्षेत्र देऊन बदल्यात भाड्याची घरे मिळवायची, अशी ती योजना. सरकारने भाड्याची कल्पना सोडून दिली आणि बिल्डरने चटई क्षेत्र ठेवून घेतले. लालबाग-परळात हयात घालवलेल्या कामगाराला घर मिळाले, ते खाडीपलीकडे. आणि त्याच्या गिरणीच्या जागी उभ्या राहिलेल्या मनोऱ्यात त्याची सून घरकामाला जाते. या गोष्टीला पुनर्वसन म्हणतात.

‘मोफत’ घराची किंमत

१९९५ नंतर झोपडपट्टी पुनर्वसनाची जी पद्धत रूढ झाली, तिचा विचार येथे मोकळेपणाने केला पाहिजे, कारण अनेक कार्यकर्त्यांचे काम त्याच वस्त्यांत चालते. योजना थोडक्यात अशी: बिल्डरने पात्र झोपडीधारकांना मोफत घर बांधून द्यावे आणि त्याबदल्यात मिळणारे जादा चटई क्षेत्र बाजारात विकावे. सरकारला पैसा खर्च करावा लागत नाही आणि झोपडीधारकालाही नाही. तेव्हा सर्वांचेच भले, असा युक्तिवाद. त्या वर्षी चाळीस लाख लोकांना मोफत घरांचे आश्वासन होते. तीस वर्षांनंतरही गाडी त्या आकड्याच्या जवळपास पोहोचलेली नाही.

कारण या योजनेचे इंजिनच जमिनीची महागाई हे आहे. जिथे विक्रीचे घर महाग जाते, तिथेच पुनर्वसन होते. डोंगरउतारावरची, नाल्याकाठची, खाडीलगतची वस्ती बिल्डरला नको असते. आणि दरड, पूर, आग यांचा सर्वाधिक धोका तिथेच असतो. ज्याला सुरक्षित घराची गरज सर्वांत जास्त, त्याचा क्रम सर्वांत शेवटी. शिवाय, गरिबाचे घर श्रीमंताच्या घराच्या चढ्या किंमतीवर टांगलेले असल्यामुळे, घरे स्वस्त झाली तर ही योजनाच कोसळते. परवडणाऱ्या घरांचे धोरण महागाईवर अवलंबून ठेवणे हा विचित्र न्याय आहे.

बांधून मिळणारी घरे कशी असतात, हेही पाहिले पाहिजे. विक्रीच्या इमारतींसाठी अधिकाधिक जागा मोकळी व्हावी म्हणून पुनर्वसनाच्या इमारती एकमेकींना खेटून उभ्या केल्या जातात. गोवंडी-मानखुर्दच्या अशा वसाहतींत खालच्या मजल्यांवर ऊन आणि वारा न पोहोचण्याचा क्षयरोगाशी संबंध असल्याचे २०१८ मधील पाहणीत दिसले. तानसा जलवाहिनीलगतच्या कुटुंबांना तेलशुद्धीकरण कारखान्यांशेजारच्या माहुलला नेऊन ठेवले गेले. तेथील हवेने माणसे आजारी पडू लागली, लोक वर्षानुवर्षे लढले, तेव्हा २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांना इतरत्र राहण्यासाठी भाडे देण्याचा आदेश दिला. छप्पर आले, पण जीव घाबरा झाला, तर त्याला सुरक्षित घर म्हणता येत नाही.

आणि जे अपात्र ठरतात त्यांचे काय? ठरावीक तारखेनंतर आलेले, वरच्या पोटमाळ्यावर राहणारे, झोपडीत भाड्याने राहणारे. त्यांचे नाव कोणत्याच यादीत नसते. १९८५ च्या ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला. काम जिथे आहे तिथेच गरीब माणूस राहतो, हे न्यायालयाने ओळखले. त्या माणसाला पर्यायी जागा देण्याचे बंधन मात्र सरकारवर ठामपणे आले नाही. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली, तेव्हा लाखो मजूर पायी गावाकडे निघाले. रोजगार बुडाला होता आणि खोलीचे भाडे देता येत नव्हते, हे त्या चालण्याचे एक मोठे कारण होते. त्यानंतर जुलै २०२० मध्ये केंद्राला परवडणाऱ्या भाडेघरांची योजना जाहीर करावी लागली. तोवर, २०१५ पासूनच्या प्रधानमंत्री आवास योजनेत भाडेकरूला जागाच नव्हती. त्या योजनेतील मंजूर घरांपैकी निम्म्याहून अधिक घरे ज्याच्याजवळ स्वतःची जमीन आहे त्याला बांधकामासाठी अनुदान देण्याच्या घटकात मोडतात, आणि व्याजसवलतीचा घटक बँक ज्याला दारात उभे करते त्याच्यासाठी होता. शहरातील भूमिहीनाला दोन्ही दारे बंद.

सोलापूरचे काम

या निराशाजनक चित्रात सोलापूरच्या विडी कामगार स्त्रियांनी केलेले काम उठून दिसते. नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखालील संघटनेने कुंभारी परिसरात सहकारी संस्थांमार्फत जमीन मिळवली, केंद्र व राज्याच्या अनुदानासाठी वर्षानुवर्षे मोर्चे काढले आणि २००६ मध्ये गोदूताई परुळेकरांच्या नावाची दहा हजार घरांची वसाहत पूर्ण केली. पुढे तेथेच रे नगर या तीस हजार घरांच्या प्रकल्पाची उभारणी झाली. त्यांतील पंधरा हजार घरांचे वाटप जानेवारी २०२४ मध्ये झाले. पक्ष वेगळा असला, तरी या कामापासून शिकण्यात कोणाला कमीपणा नाही. यंत्रमाग कामगार, कचरावेचक, शिवणकाम करणाऱ्या, विड्या वळणाऱ्या अशा माणसांनी आपला हिस्सा भरून घर मिळवले. त्यात मध्यस्थ बिल्डरच्या नफ्यावर काही अवलंबून नव्हते. उणीव एकच: स्वस्त जमीन मिळाली ती शहराबाहेर. म्हणजे सार्वजनिक जमिनीचा प्रश्न तिथेही पाठ सोडत नाही. रोजच्या प्रवासाच्या रूपाने तो कामगाराच्या खिशातून वसूल होतो.

मागणी कोणती करावी?

या विवेचनातून कार्यकर्त्यांसाठी काही निष्कर्ष निघतात. ते सगळेच लोकप्रिय होतील असे नाही.

पहिला निष्कर्ष: सार्वजनिक जमीन विकू देता कामा नये. बंदर, रेल्वे, महामंडळे, बंद सरकारी कारखाने, नगरपालिका यांच्याकडील जमीन ही शहरातील शेवटची शिल्लक आहे. ती घरांसाठी वापरावी, पण मालकी सार्वजनिकच राहावी. जमीन एकदा विकली की पुढच्या पिढीच्या घराची किंमत तिप्पट होते, आणि त्यावर मोर्चाने इलाज होत नाही.

दुसरा: मागणी केवळ मालकीच्या घराची असू नये. कमी भाड्याचे, पण उठवले न जाण्याची हमी असलेले सार्वजनिक वा सहकारी घर ही मागणी पुढे आणली पाहिजे. हे वस्तीत सांगणे अवघड आहे. लोकांना कागद हवा असतो, नावावर घर हवे असते. ज्यांना आयुष्यभर कोणी ना कोणी उठवले, त्यांची ही इच्छा समजण्यासारखी आहे. परंतु मालकीचे मोफत घर बाजारभावाने विकता येते, आणि घरात आजार, लग्न, कर्ज आले की ते विकले जाते. कुटुंब पुन्हा झोपडीत जाते आणि सार्वजनिक जमिनीवर बांधलेले घर कायमचे बाजारात जाते. जिथे मालकी द्यायचीच, तिथे ती सहकारी संस्थेची असावी. घर सोडणाऱ्याला भरलेले पैसे व्याजासह मिळावेत, आणि घर प्रतीक्षा यादीतल्या दुसऱ्या श्रमिकाकडे जावे.

तिसरा: भाडे गोठवू नये, ते उत्पन्नाशी आणि देखभालीच्या खर्चाशी जोडावे. भाडे नियंत्रण कायद्याची चूक पुन्हा करण्याचे कारण नाही. दुरुस्तीचा निधी पहिल्या दिवसापासून वेगळा काढला गेला पाहिजे. बीडीडी चाळी खचल्या त्या सरकारी मालकीमुळे नव्हे. सरकारने घरमालकाचे कर्तव्य टाळले म्हणून. सार्वजनिक घरमालकही माजतो, आळसावतो. म्हणून व्यवस्थापनात रहिवाशांचे निवडून आलेले प्रतिनिधी हवेत आणि हिशेब दरवर्षी चाळीच्या फळ्यावर लागले पाहिजेत.

चौथा: पैसा कोठून आणावा? रिकाम्या ठेवलेल्या घरांवर, मोठ्या क्षेत्रफळाच्या घरांवर चढता कर हा एक मार्ग. नवा रस्ता वा मेट्रो आल्याने जमिनीच्या किंमतीत जी वाढ होते, तिच्यातला समाजाचा वाटा वसूल करणे हा दुसरा. चटई क्षेत्राच्या अधिमूल्यातून आजही मोठ्या रकमा जमतात. त्यांतून घरे होत नाहीत, हा इच्छेचा प्रश्न आहे. त्या रकमांचा हिशेब नगरपालिकेच्या प्रत्येक अंदाजपत्रकी सभेत मागितला पाहिजे.

पाचवा: धोकादायक इमारतीची नोटीस बजावताना राहण्याची पर्यायी जागा त्याच कागदावर लिहिलेली असावी. तशी ती नसते, म्हणून माणसे मृत्यूच्या छायेत राहणे पसंत करतात. संक्रमण शिबिरात गेलेली कुटुंबे दोन-दोन पिढ्या तिथेच अडकल्याचे लोकांनी पाहिलेले आहे. ४ एप्रिल २०१३ रोजी मुंब्र्याजवळ शिळफाटा येथे बेकायदा बांधली जात असलेली इमारत कोसळून ७४ जण मृत्युमुखी पडले. अपुऱ्या इमारतीतच मजूर कुटुंबे राहत होती. ती माणसे धोक्याबद्दल अजाण होती म्हणून तिथे गेली नव्हती. तेवढेच भाडे त्यांना परवडत होते.

साथींनो, फ्रेडरिक एंगल्स यांनी १८७२ मध्ये घरांच्या प्रश्नावर लेखमाला लिहिली, तेव्हा त्यांचा रोख होता तो कामगाराला छोटा घरमालक करून प्रश्न सुटेल असे सांगणाऱ्यांवर. दीडशे वर्षांनंतरही तोच उपाय नव्या वेष्टनात विकला जातो. त्याला उत्तर देण्यासाठी घोषणांपेक्षा माहितीची गरज अधिक आहे. प्रत्येक शाखेने आपल्या शहरात सार्वजनिक मालकीची मोकळी जमीन कोणती, तिच्यावर आरक्षण कशाचे, आणि ते बदलण्याचा प्रस्ताव कोणत्या समितीपुढे आहे, याची यादी तयार करावी. विकास आराखड्याच्या हरकती-सूचनांची मुदत तीस-साठ दिवसांची असते आणि बिल्डरचा माणूस पहिल्या दिवशी तिथे पोहोचतो. कार्यकर्ता शेवटच्या दिवशी तरी पोहोचला पाहिजे. वस्तीतल्या भाडेकरूंची, पोटमाळ्यावरच्या कुटुंबांची वेगळी नोंद ठेवावी, कारण सरकारच्या नोंदवहीत ती नाहीत. दिंडोशी आणि कुंभारी येथील माणसे काही असामान्य नव्हती. त्यांनी कायदा वाचला, जमीन हेरली, कुटुंबांची नोंदणी केली आणि दहा-दहा वर्षे पिच्छा सोडला नाही. घराचा प्रश्न सुटतो तो असा. आणि हे काम कोणत्याही शाखेला उद्या सकाळी सुरू करता येण्यासारखे आहे.